अंगठा कुठे थांबतो

गेल्या महिन्यात माझी भाची चार दिवस राहायला आली होती, १४ वर्षांची आहे, आणि एका रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी पलंगावर आडव्या पडून आपापल्या फोनमध्ये डोकं घालून होतो तेव्हा ती एकदम म्हणाली, "मावशी, तुझं एक्सप्लोर दाखव ना, बघू तुला काय काय येतं." त्यांच्या वर्गात म्हणे हा खेळ चालतो, फोनची अदलाबदल करायची आणि एकमेकींचं इंस्टाग्रामचं ते पान बघायचं, जिथे अॅप आपणहून पोस्ट सुचवत राहतं. मी काही विचार न करता फोन दिला आणि तिचा घेतला.

तिच्या पानावर चित्रं काढणाऱ्या मुली, मांजरं, कुठल्यातरी गेमचे व्हिडिओ, मधूनच चेहऱ्याला काय लावायचं ते सांगणाऱ्या दोघी-तिघी. मी वर बघितलं तर तिच्या कपाळाला आठी.

"मावशी, तू डाएटवर आहेस का?"

"नाही गं. का?"

"मग हे सगळं काय आहे?"

तिने फोन माझ्याकडे वळवला. पहिल्या १२ चौकोनांत ७ बायका. मी मोजल्या. कुणाची नुसती कंबर, कुणी आरशासमोर अर्धवट वळून उभी, एकीचा आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी, एकीचं 'मी दिवसभरात काय खाते'. मी म्हटलं, अगं मी यातल्या एकीलाही लाइक केलेलं नाही, फॉलो तर नाहीच नाही. त्यावर ती इतक्या सहज बोलून गेली की ते अजून डोक्यातून जात नाहीये. "लाइक कशाला लागतं? तू थांबतेस ना त्याच्यावर. अंगठा थांबला की त्याला कळतं."

मला हे का लागलं ते सांगते. मला बुलिमिया होता, म्हणजे अनावर खायचं आणि मग ते कसंही करून भरून काढायचं, असा खाण्याशी जोडलेला मनाचा आजार. १९व्या वर्षी सुरू झाला, २३व्या वर्षी पहिल्यांदा कुणाला तरी तोंडाने सांगितलं, आणि बरी होऊन आता ११ वर्षं झालीत. वजन किती होतं, किती झालं, नक्की काय काय करायचे, हे मी इथे लिहिणार नाही. यातून गेलेले लोक हे आकडे सांगत नाहीत कारण जी आत्ता त्यात आहे ती तुमची गोष्ट दुःखाने वाचत नाही, आपणही तसंच करायची कृती म्हणून वाचते. मी तशीच वाचायचे. बाकी सगळं सांगते.

तर त्या रात्री भाची झोपून गेली आणि मी जागी. गेली काही वर्षं या विषयावरचा रिसर्च जमेल तसा वाचत असते, आधी स्वतःसाठी वाचायचे, आता सवय झालीये, आणि त्या रात्री वाचलेलं सगळं एकेक करून आठवत गेलं आणि वाटलं की हे पोरगी एका वाक्यात बोलून गेली ते सांगायला शास्त्रज्ञांना किती वर्षं लागली.

कारण आपण सगळे विचारतो काय, तर 'किती तास?' आईबाप विचारतात, शाळा विचारते, डॉक्टर पण तेच विचारतात, दिवसाला किती तास मोबाइल बघते. २०१४ साली मायर आणि ग्रे या दोन संशोधकांनी शाळेतल्या १०३ मुलींचा फेसबुकचा वापर नीट वेगवेगळा करून बघितला होता. एकूण किती वेळ घालवतात हे वेगळं आणि त्यातला किती फोटोंमध्ये जातो, स्वतःचे टाकणं, मैत्रिणींचे बघणं, त्यावर कमेंट करणं, हे वेगळं. वजनाबद्दलची नाराजी, बारीक व्हायची ओढ, स्वतःकडे बाहेरून एखाद्या वस्तूसारखं बघणं, या सगळ्याचा संबंध फोटोंशी लागला. एकूण वेळाशी लागला नाही. दोन वर्षांनी हॉलंड आणि टिगमन यांनी तोवरचे २० अभ्यास एकत्र करून बघितले, तिथेही फोटो बघत जाणं आणि फोटो टाकणं यावरच बोट ठेवलं गेलं.

आता यात एक अडचण कायम असते आणि ती मान्य करायला पाहिजे. असल्या बऱ्याच अभ्यासांत एकाच वेळी प्रश्न विचारलेले असतात, त्यामुळे फोटोंमुळे शरीराबद्दल वाईट वाटतं की आधीच वाईट वाटत असलेली मुलगी फोटोंकडे जास्त जाते, हे त्यातून सुटत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही खरं होतं. वाईट वाटायचं म्हणून बघायचे आणि बघायचे म्हणून अजून वाईट वाटायचं, आणि कुठून सुरू झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून मग प्रयोग करतात. २०१५ मध्ये फार्डूली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ११२ तरुणींचे गट केले, एका गटाला १० मिनिटं स्वतःचं फेसबुक, एकाला फॅशन मासिकाची वेबसाइट, एकाला दिसण्याशी काही संबंध नसलेली साइट. फेसबुकवाल्यांचा मूड साध्या साइटवाल्यांपेक्षा उतरलेला निघाला. शरीराबद्दलची नाराजी सरसकट सगळ्यांची वाढली असं मात्र झालं नाही. ज्यांना मुळातच दुसऱ्यांशी तुलना करायची सवय होती त्यांना फेसबुकनंतर आपला चेहरा, केस, त्वचा यात काहीतरी बदलावंसं जास्त वाटलं. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की एकच पान दोन मुलींना दोन वेगळ्या गोष्टी करतं.

तुलनेचं हे मूळ फार जुनं आहे. लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की स्वतःला मोजायला पट्टी नसेल तेव्हा माणूस शेजारच्याकडे बघून स्वतःला मोजतो, आणि तो शेजारचा जितका आपल्यासारखा तितकं ते मोजमाप जास्त खरं वाटतं. म्हणून सिनेमातली नटी एवढी लागत नाही, ती वेगळ्याच दुनियेतली. लागते ती दोन बाकं सोडून बसणारी. आणि सोशल मीडियावर नेमकी तीच असते, नटीसारखा प्रकाश पडलेली, नटीसारखी कंबर केलेली, पण ओळखीची.

फिजीचा अभ्यास मला कधीच विसरता येत नाही. तिथल्या नड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. त्याआधी तिथे भरलेलं, दणकट शरीर चांगलं समजलं जायचं, कुणाची भूक मंदावली की आजूबाजूचे काळजीत पडायचे. अॅन बेकर या अमेरिकन संशोधिकेने टीव्ही येऊन काही आठवडेच झाले होते तेव्हा शाळकरी मुलींना एक प्रश्नावली दिली आणि तीन वर्षांनी १९९८ मध्ये तिथल्याच दुसऱ्या मुलींना तीच परत दिली. खाण्याबाबत काळजी करावी असे गुण पडलेल्या मुली आधी १२.७ टक्के होत्या, नंतर २९.२ टक्के. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के. दोन्ही वेळा साठ-पासष्टच मुली होत्या, छोटा अभ्यास आहे, आणि त्या तीन वर्षांत तिथे टीव्हीशिवाय बाकीही बदललं असणार, हे खरं. तरी तो शून्य वाचल्यावर मी बराच वेळ पुढे गेले नव्हते. जी गोष्ट मला वाटायचं माझ्या एकटीच्या डोक्यातून आलीये, ती एका अख्ख्या जागेत नव्हती आणि तीन वर्षांत आली.

पुढे २०११ मध्ये बेकरच्याच गटाने तिथल्या ५२३ मुलींचं बघितलं आणि मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलगी स्वतः टीव्ही वगैरे किती बघते हे बाजूला काढलं तरी तिच्या मैत्रिणी किती बघतात याचा तिच्या खाण्याच्या त्रासाशी संबंध राहत होता. म्हणजे आपल्या घरात नाही एवढ्याने सुटका होत नाही, ते मैत्रिणींच्या बोलण्यातून येतं, त्यांच्या नजरेतून येतं. 'माझ्या मुलीला मी फोनच दिला नाहीये' असं कुणी समाधानाने सांगितलं की मला हे आठवतं.

आणि आता अंगठ्याकडे येते. मेलबर्न विद्यापीठातल्या स्कॉट ग्रिफिथ्सच्या गटाने २०२४ मध्ये एक काम केलं, माझ्या मते या विषयातलं अलीकडचं सगळ्यात डोळे उघडणारं. त्यांनी ४२ ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे माझ्यासारखा खाण्याशी जोडलेला आजार असलेले आणि ४९ नसलेले लोक घेतले आणि त्यांच्या टिकटॉकने त्यांना महिनाभर काय काय दाखवलं त्याचा डेटाच घेतला, १० लाखांहून जास्त व्हिडिओ. आजारी लोकांच्या फीडमध्ये दिसण्याबद्दलचे व्हिडिओ १४६ टक्के जास्त, डाएटचे ३३५ टक्के जास्त, आणि ज्यात आजारालाच खतपाणी घातलं जातं असे विषारी व्हिडिओ ४,३४३ टक्के जास्त होते. चव्वेचाळीस पट. मग त्यांनी बघितलं की हे लोक असले व्हिडिओ जास्त लाइक करतात का, म्हणून येतायत का. तर लाइकमध्ये फरक होता पण थोडका, फीडमध्ये जो डोंगर होता त्याच्या जवळपाससुद्धा नाही. त्यांनी मागितलं त्याच्या कितीतरी पट त्यांच्या पुढ्यात येत होतं.

मला हे वाचून हायसं वाटलं आणि लगेच राग आला. हायसं अशासाठी की वर्षानुवर्षं मी स्वतःला म्हणत आलेय की तूच बघतेस ना, तुलाच हवंय ना, तुला बरं व्हायचंच नाहीये. राग अशासाठी की दुखऱ्या जागी हात आपोआप जातो, दात दुखत असला की जीभ तिथेच जाते, तसा डोळा जातो, आणि समोरचं यंत्र त्याला 'आवड' म्हणून लिहून घेतं.

अजून एक गोष्ट यात जोडली जाते ती भुकेची. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला होता, युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं ते शोधायला. सहा महिने त्यांना कमी जेवण दिलं. हे धट्टेकट्टे पुरुष, कुणाला बारीक व्हायचं नव्हतं, कुणाला आरशाशी देणंघेणं नव्हतं. पण काही आठवड्यांत त्यांचं बोलणं, स्वप्नं, सगळं खाण्याभोवती फिरायला लागलं, कित्येक जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, एकेक घास लांबवत जेवायचे, चिडचिडे झाले, माणसं नकोशी झाली. म्हणजे यातलं कितीतरी आजाराच्याही आधी नुसत्या भुकेने होतं. मी माझ्या सगळ्यात वाईट काळात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दुसऱ्यांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचे, आवाज बंद करून, पांघरुणात, आणि सकाळी जेवायचे नाही. तेव्हा मला वाटायचं मी वेडी आहे. मी उपाशी होते. आणि उपाशी माणसाचा अंगठा अन्नावर थांबणारच, मग अन्नाच्या मागोमाग 'खाऊनही बारीक कसं राहायचं' येणार, त्याच्या मागोमाग अजून काही.

२०२१ मध्ये फेसबुकमध्येच काम केलेल्या फ्रान्सेस हौगन यांनी फेसबुकचे आतले कागद बाहेर काढले तेव्हा एक वाक्य सगळीकडे फिरलं होतं, की ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं त्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या की इंस्टाग्राममुळे अजून वाईट वाटलं. कंपनीचं म्हणणं होतं की हा आकडा सगळ्या मुलींचा नाही, ज्यांना आधीच त्रास होता त्यांचा आहे. ते खरंच आहे, आकडा तेवढ्याच मुलींचा आहे. पण मला कळत नाही की यात दिलासा कसला. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना अजून त्रास, हीच तर काळजीची गोष्ट आहे, मी त्यातलीच एक आहे.

पण इथे मला दुसऱ्या बाजूनेही तितक्याच जोरात सांगायचंय, कारण हल्ली 'सगळं या मोबाइलमुळे' हे ऐकून ऐकून कान किटलेत. विल्यम गल यांनी अॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत नेण्याचा आजार, हे नाव वापरलं ते १८७३ मध्ये. बुलिमियाचं वर्णन लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. तेव्हा कुठला फोन आणि कुठली रील. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून हे आजार बऱ्याच अंशी घराण्यात चालत येतात हे दिसलंय, आणि २०१९ मध्ये जवळजवळ १७ हजार अॅनोरेक्सियाच्या पेशंटचा जनुकीय डेटा तपासून आजाराशी जोडलेल्या ८ जागा सापडल्या, त्यातून असंही दिसलं की याचा संबंध मनाच्या आजारांसारखाच शरीराच्या चयापचयाशीही आहे. शिवाय आईवडील, मैत्रिणी आणि माध्यमं असं तिन्हीकडून येतं असं मॉडेल संशोधक १९९९ पासून मांडतायत. माझ्या आईला मी सांगितलं तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती फोन काढून घेतला. तिचा जीव तुटत होता, तिला दुसरं काही सुचलं नाही, मी तिला दोष देत नाही. पण फोन गेला आणि आजार घरातच राहिला, आणि त्यात ज्या एका मैत्रिणीशी मी खरं बोलत होते ती फोनमध्येच होती, ती पण गेली.

आणि दिसण्यावरून ओळखायला जाऊ नका. मी कधीच हाडाची काडी नव्हते. बुलिमियात बऱ्याच जणींचं वजन चारचौघींसारखंच असतं, बिंज ईटिंग, म्हणजे ताबा सुटून खात राहणं, तर सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे आणि त्याला अधिकृत यादीत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली २०१३ मध्ये. मला चार वर्षांत कुणी विचारलं नाही कारण मी 'छान' दिसत होते. उलट मध्ये एकदा वजन उतरलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, किती मेंटेन केलंस गं, काय करतेस, आम्हाला पण सांग. मी ते कौतुक घेऊन बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

मुलग्यांचं पण असतं, त्यांचं तर अजूनच दडून राहतं. हॅरिसन पोप यांनी १९९०च्या दशकात जिममधल्या पुरुषांत एक उलटा प्रकार बघितला होता, अंगावर एवढे स्नायू असूनही आरशात स्वतःला किडमिडीत दिसायचे, आधी त्याला उलटा अॅनोरेक्सिया म्हटलं, मग मसल डिस्मॉर्फिया. २०२३ मध्ये १६ देशांतले ३२ अभ्यास एकत्र करून बघितलं तर मुलं आणि किशोरवयीन मिळून २२ टक्क्यांमध्ये खाण्याबाबत काहीतरी बिनसल्याच्या खुणा होत्या, मुली ३० टक्के आणि मुलगे १७ टक्के. १७ म्हणजे काही कमी नाही. हा आकडा आजाराच्या निदानाचा नाही बरं का, पाच प्रश्नांच्या एका चाळणीचा आहे, पण त्या पाचातला शेवटचा प्रश्न असा आहे की अन्नाने तुमच्या आयुष्याचा ताबा घेतलाय असं म्हणाल का? मला कुणी २०व्या वर्षी एवढं एकच विचारलं असतं ना, मी हो म्हणाले असते. न अडखळता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची जिन्याच्या खिडकीपाशी फोटो काढत होती. उजेड छान होता तिथे. मी पायरीवर बसून बघत होते. मान डावीकडे, मान उजवीकडे, केस पुढे, केस मागे, मग खाली बसून सगळे एकेक बघायचे आणि डिलीट. "यात माझे गाल बघ ना मावशी." "यात हात कसला जाड आलाय." ४३ काढले होते, तिने सांगितलं. त्यातला एक ठेवला, आणि त्याचीही हनुवटी थोडी सारखी केली अॅपमध्ये. टाकला. आणि मग जे झालं ते मी नीट बघत होते, फोटो टाकून झाल्यावर तिचा चेहरा खुलला नाही, पडला. फोन हातात धरून बसली, दर थोड्या वेळाने खाली ओढून रिफ्रेश.

कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठात २०१८ मध्ये जेनिफर मिल्स यांच्या गटाने ११० तरुणींवर अगदी हेच करून बघितलं होतं. काहींना एकच सेल्फी काढून तसाच टाकायला सांगितला, काहींना हवे तेवढे काढा, हवा तसा एडिट करा आणि मग टाका, आणि काहींना फोटो नाहीच, नुसतं काहीतरी वाचायला. सेल्फी टाकलेल्या मुलींची काळजी वाढली, आत्मविश्वास उतरला, आपण कमी छान दिसतो असं वाटायला लागलं, आणि ज्यांना एडिट करायला मिळालं होतं त्याही यातून सुटल्या नाहीत. आपल्याला वाटतं हनुवटी नीट केली की बरं वाटेल. पण त्या पाच मिनिटांत आपण स्वतःच्या चेहऱ्याकडे जसं बघतो, चूक शोधत शोधत, तसं तर आपण शत्रूकडेही बघत नाही. मी तिला काही बोलले नाही त्या वेळी. जवळ जाऊन बसले फक्त.

'हेल्दी' नावाने येतं ते वेगळं असतं असं समजू नका. फिटस्पिरेशन म्हणून जे चालतं, घाम, पोटावरच्या रेषा, प्रेरणा देणारं वाक्य, ते ऑस्ट्रेलियात टिगमन आणि झकार्डो यांनी २०१५ मध्ये तपासलं. १३० विद्यार्थिनींपैकी काहींना हे फोटो आणि काहींना प्रवासाचे फोटो. व्यायाम करावासा वाटला हे खरं, पण मूड उतरला आणि शरीराबद्दलची नाराजी वाढली. मग फोटोवर 'हा एडिट केलेला आहे' अशी चिठ्ठी लावावी का? फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातींवर लावायला लावली, नॉर्वेने २०२२ पासून इन्फ्लुएन्सर लोकांनाही. उद्देश चांगलाच आहे. पण असल्या चिठ्ठीने बघणारीला बरं वाटतं असं बहुतेक अभ्यासांत काही दिसलेलं नाही, डोळ्याला खोटं आहे हे कळून उपयोग होत नाही, तुलना त्याआधीच होऊन गेलेली असते. आणि २०१२ मध्ये इंस्टाग्रामने आजाराचे हॅशटॅग बंद केले तेव्हा लोकांनी स्पेलिंग वाकडंतिकडं करून नवे काढले, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे लाखो पोस्ट तपासल्या तर त्या वाकड्या स्पेलिंगखालचा मजकूर जास्त वाईट होता आणि तिथली माणसं एकमेकांना जास्त घट्ट धरून होती. बंदीने जागा गेली, गरज नाही गेली.

मग उपयोग कशाचा होतो? थोड्या गोष्टी आहेत. कॅनडात ओटावामध्ये २२० तरुणांना, ज्यांना चिंता किंवा उदासीचा त्रास होता आणि फोनवर सोशल मीडिया भरपूर होता, त्यातल्या अर्ध्यांना तीन आठवडे दिवसाला एका तासावर आणलं, तर त्यांना आपल्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. म्हणजे तासांचं काहीच नाही असं नाही, तास कमी झाले की थांबणंही कमी होतं, मी एवढंच म्हणते की तासांवर सुरू होऊन तासांवरच संपणारं बोलणं नको.

आणि दुसरी गोष्ट एरिक स्टाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सुरू केलेल्या बॉडी प्रोजेक्टची. त्यात मुलींना लेक्चर देत नाहीत. मुलींनीच गटात बसून या बारीकपणाच्या हट्टाविरुद्ध बोलायचं, पत्र लिहायचं, दुसरी कुणी तसं बोलली तर तिला काय उत्तर द्याल ते मोठ्याने म्हणून बघायचं. काही तासांचं काम, पण २००८ मध्ये छापलेल्या ४८१ मुलींच्या चाचणीत तीन वर्षांनीही नवीन ईटिंग डिसऑर्डर सुरू होण्याचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी होतं. हे चालतं कशामुळे, तर आपण तोंडाने एक म्हणायचं आणि मनात दुसरं धरायचं हे माणसाला फार वेळ झेपत नाही, आणि ही कल्पनासुद्धा, गंमत नाही सांगत, त्याच फेस्टिंजरची, १९५७ ची. तुलनेची जखम ज्याने दाखवली त्याच्याच दुसऱ्या विचारातून औषध निघालं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते नीट सांगता येणार नाही.

हे सगळं आजार सुरू होऊ नये म्हणून. आजार झाल्यावर मात्र नुसत्या फीडच्या साफसफाईने भागत नाही, तिथे उपचार लागतात. मोठ्यांसाठी खास ईटिंग डिसऑर्डरचं सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची थेरपी, आहे, लहान मुलांसाठी घरच्यांना सोबत घेऊन करायची थेरपी आहे, आणि त्याने माणसं बरी होतात, मी झाले. उशीर करू नका एवढं कळकळीने सांगते. अॅनोरेक्सियात जे मृत्यू होतात त्यातला साधारण पाचातला एक आत्महत्येने होतो, हे नुसतं खाण्यापिण्याचं खूळ नाही.

शेवटच्या रात्री मी भाचीला सांगितलं. सगळं नाही, तिच्या वयाला झेपेल तेवढं. की मावशी आजारी होती, कसला आजार होता, आणि त्या दिवशी तू फोनमध्ये बघितलंस ते त्याचंच उरलेलं आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुला अजून होतं?" मी म्हटलं आजार नाही होत, पण डोळा अजून तिकडे जातो. तिने फोन मागितला. एकेक चौकोन दाबून धरायचा, 'नॉट इंटरेस्टेड', पुढचा, 'नॉट इंटरेस्टेड'. अर्धा तास बसली होती माझ्या शेजारी, मांडी घालून, अभ्यासाला बसल्यासारखी. मग सर्चमध्ये जाऊन मातीची भांडी शोधली कारण मी मागे कधीतरी म्हटलं होतं की मला शिकायचंय, आणि दहा-बारा व्हिडिओ पूर्ण बघितले, मधे मी बोलायला लागले तर "थांब, शेवटपर्यंत बघावं लागतं."

आता माझ्या पानावर ओली माती असते, फिरतं चाक, कुणाचे तरी मनगटापर्यंत बरबटलेले हात. परवा दुपारी त्यातच एक आला, आधीचा आणि नंतरचा. अंगठा थांबला. किती वेळ ते मला माहीत नाही. मग स्क्रीनशॉट न काढता नुसतं भाचीला लिहिलं, 'आला बघ एक.' शाळेतून यायची वेळ होती तिची. मिनिटभरात उत्तर आलं, 'दाबून धर मावशी. मी आहे.'